अक्षराखालची साल

१

डॉ. इंग्रिड सॉमर्सचा पोलीस चौकीत फोन आला, तेव्हा डेलिया प्रॉक्टर उभ्याउभ्याच टोस्ट खात होती. एकट्या माणसाला टेबल मांडायचा कंटाळा येतो. इंग्रिड एवढंच म्हणाली, "झाड कोणीतरी कापून नेलंय. म्हणजे झाड आहे जागेवर, पण... तुम्ही येऊनच बघा."

पेलिकन बेंडमध्ये झाड म्हटलं की एकच. कूपर क्रीक नदीच्या काठावरचं ते जुनं कूलिबा, निलगिरीच्या जातीचं, ज्याच्या खोडावर दीडशे वर्षांपूर्वी हा अनोळखी मुलूख धुंडाळायला निघालेल्या बर्क आणि विल्स यांच्या तुकडीने मुक्कामाची खूण कोरली, असं वाटेवरची पाटी सांगते. प्रसिद्ध झाड हे नव्हे. ते वरच्या अंगाला, ज्याच्यावर, खाली शिधा पुरलाय म्हणून, 'खणा' असा शब्द कोरला होता ते. इथे नुसतं 'बी' हे अक्षर आणि त्याखाली रोमन आकडे. तरीही दर हिवाळ्यात त्या संशोधकांच्या वाटेने प्रवास करणारे लोक इथे थांबत, फोटो काढत, हॉटेलात जेवत आणि पुढे जात. बाकी वर्षभर या गावात वारा, माशा आणि पांढरे काकाकुवे.

डेलिया पोचली तेव्हा इंग्रिड झाडाभोवतीच्या कठड्याला टेकून उभी होती. ती ॲडलेडहून या आजारी झाडावर उपचार करायला आली होती. वाळवीने खोड आतून पोखरलं होतं. बाहेरचं कवच तेवढं उरलं होतं, जेमतेम दोन बोटं जाडीचं. त्या कवचातूनच कोणीतरी एक चौकोनी फळी कापून काढली होती. आत काळोखी पोकळी दिसत होती.

डेलिया गुडघ्यावर बसली. काप यंत्राच्या करवतीचा नव्हता. बारीक दातांच्या हातकरवतीचा होता, सावकाश आणि सरळ. वरच्या कापाच्या एका टोकाला मुंग्यांची झुंबड उडाली होती. पुढे त्या विरळ होत गेल्या होत्या आणि खालच्या कापावर एकही नव्हती. डेलियाने ते पाहिलं, पण त्या क्षणी तिला त्याचा काही अर्थ लागला नाही. तिची नजर वर गेली होती.

"डॉक्टर," ती म्हणाली, "'बी' तर इथेच आहे."

खरंच, ज्या अक्षरासाठी लोक इतक्या लांबून यायचे ते जसंच्या तसं होतं. रोमन आकड्यांचा खालचा अर्धा भाग मात्र करवतीखाली गेला होता. चोराने मौल्यवान चीज सोडून तिच्या खालची साल नेली होती.

२

त्या सालीत काय होतं, हे सांगणारी इंग्रिडच. आकड्यांच्या खाली एक जुना व्रण होता. कोणीतरी कधीतरी तिथली साल सोलून लाकडात काही कोरलं होतं आणि नंतर झाडाने ती जखम बुजवून टाकली होती. त्याच दिवशी, सोमवारी, ती तो व्रण उघडणार होती. हे तिने शनिवारी संध्याकाळी हॉटेलात जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

त्या टेबलावर डेलियाही होती. शनिवारी ती हेस्केथांच्या हॉटेलात जेवायची. स्वयंपाक उत्तम होताच, पण खरं कारण वेगळं होतं. तिथे माणसांचे आवाज असत. हॉटेलचा मालक लायल हेस्केथ पाहुण्यांना वाटेवरची ठिकाणं दाखवायला न्यायचा, आणि त्याची बायको मर्ल स्वयंपाकघर सांभाळायची. दोघंही सत्तरीच्या पुढचे. मर्ल डेलियाच्या पुढ्यात न विचारता दुसरी वाढ ठेवायची आणि म्हणायची, "खा गं, घरी तुझी वाट बघणारं कोण आहे?" दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर डेलियाला लागलं असतं. मर्लचं लागत नसे.

तर त्या रात्री इंग्रिडचं बोलणं ऐकून बार्नाबी क्विल्टर नावाच्या पाहुण्याचे डोळे चमकले होते. हा मेलबर्नचा निवृत्त दंतवैद्य. कॅरव्हान घेऊन एकटाच हिंडायचा आणि संशोधकांच्या काळातल्या वस्तू गोळा करायचा. लायल त्याच्या नेहमीच्या गोष्टीत रंगला होता. मर्ल ताटं उचलत होती.

रविवारी लायल सगळ्यांना घेऊन दिवसभरासाठी वरच्या अंगाच्या झाडाकडे गेला. इंग्रिडही गेली. डेलिया रुतलेल्या ट्रकच्या मागे दूर कुठेतरी अडकली होती. क्विल्टर मात्र पोट बिघडल्याचं सांगून कॅरव्हानमध्येच राहिला. साहजिकच डेलिया आधी त्याच्याकडे गेली.

त्याने सगळी कपाटं आपणहून उघडून दाखवली. उंटांच्या घंटा, गंजलेले नाल, एक फुटकी पाण्याची बाटली. त्या बाटलीकडे बघताना त्याचा आवाज असा हळवा झाला, जसा इतर लोकांचा नातवंडांकडे बघून होतो. फळी नव्हती. तो म्हणाला की बायको गेल्यावर घर खायला उठलं, म्हणून या वस्तू. निदान त्या कोणाच्या तरी असतात.

"आणि बाई," तो शेवटी म्हणाला, "चाळीस वर्षं मी दात काढले. किडलेला सोडून शेजारचा काढणारा डॉक्टर मी नाही. मला चोरायचंच असतं, तर मी 'बी' सोडलं असतं?"

डेलिया हसली नाही. तो म्हणत होता तेच सकाळपासून तिच्या डोक्यात घोळत होतं. चोराला संशोधकांशी काही देणंघेणं नव्हतं.

ती पुन्हा इंग्रिडकडे गेली आणि तिने एकच प्रश्न विचारला: तो व्रण किती जुना असेल? इंग्रिडने सांगितलं की 'बी'च्या कडेने जमलेली साल जाडजूड आहे, ही मात्र खूपच पातळ होती. दीडशे वर्षांची तर मुळीच नाही. चाळीस-पन्नास वर्षांची असेल. हे तिने जेवताना सांगायचं टाळलं होतं, कारण सगळ्यांचा उत्साह तिला मोडवेना.

"आणखी एक," इंग्रिड म्हणाली. "माणूस उभ्याने कोरतो तेव्हा छातीच्या उंचीवर कोरतो. हे फारच खाली होतं. ज्याने कोरलं तो खाली बसलेला असणार."

डेलिया गाडीत येऊन बसली. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी त्या झाडाखाली कोण येऊन बसणार होतं आणि आलंच नव्हतं, हे पेलिकन बेंडमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

३

ती गोष्ट लायल दर दौऱ्यात सांगायचा. आधी तो बर्क आणि विल्सची सांगायचा: समुद्रापर्यंत जाऊन, अर्धमेले होऊन ते ठाण्यावर परत आले, आणि त्यांची महिनोन्‌महिने वाट पाहिलेले सोबती नेमके त्याच दिवशी सकाळी निघून गेले होते. चुलीतली राखही गार झाली नव्हती. पाहुणे हळहळले की मग तो जरा थांबायचा आणि म्हणायचा, "वाट बघणं काय असतं ते मला विचारा."

तरुणपणी लायल आणि त्याचा मित्र नेव्हिल स्टॉक जीप घेऊन याच वाटेवर आले होते. शेवटचा टप्पा संशोधकांसारखा पायी करायचा, असं नेव्हिलने ठरवलं. लायलने जीप, पाणी आणि शिधा घेऊन 'बी'च्या झाडाखाली रविवारपर्यंत थांबायचं. त्या वर्षी क्रीक या टप्प्यात कोरडी होती. लायलच्या सांगण्यानुसार तो रविवारपर्यंत थांबला, वर एक रात्रही थांबला, आणि नेव्हिल आलाच नाही. मग शोध झाला, सगळा उत्तरेकडच्या वाळवंटात. काही सापडलं नाही. शोधाच्या वेळी नेव्हिलची बहीण इथे आली आणि परत गेलीच नाही. पुढे तिने लायलशी लग्न केलं. ती बहीण म्हणजे मर्ल.

डेलिया दुपारी हॉटेलात शिरली तेव्हा जेवणं चालू होती. मर्लने तिच्यासमोर ताट ठेवलं. डेलियाने खाली पाहिलं. सोमवार म्हणजे मटणाच्या चापांचा दिवस. मर्लचे चाप एकसारखे, हाड आरशासारखं गुळगुळीत कापलेलं. आज ताटात होता आख्ख्या भाजलेल्या तंगडीवरून सोलून काढलेला तुकडा.

"चाप नाहीत आज?" तिने विचारलं.

"हात दुखतोय गं," मर्ल म्हणाली आणि वळली.

डेलियाला सकाळच्या मुंग्या आठवल्या. सालीला मुंग्या कशाला लागतील? त्या चरबीला लागतात. हाडं कापायच्या करवतीच्या पात्यावर चरबी असते. पहिल्या कापाच्या सुरुवातीला ती लाकडाला पुसली जाते, पुढेपुढे कमी होते, शेवटी संपते. आणि कूलिबाच्या लाकडावर चालवलेल्या करवतीने पुन्हा हाड कापायला गेलं तर तिला धारच उरलेली नसते.

तिने काटा खाली ठेवला. या गावात एकच टेबल असं होतं, जिथे तिच्यासाठी न विचारता ताट वाढलं जायचं. आता उठून स्वयंपाकघरात गेलं की ते टेबल गेलं. ती बसून राहिली. बराच वेळ बसून राहिली. पाहुणे उठून गेले.

मग तिच्या शेजारची खुर्ची सरकली. लायल येऊन बसला. त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता.

"डेलिया, इकडेतिकडे विचारत बसू नकोस," तो म्हणाला. "झाड मी कापलं."

४

तिने त्याला मधे न तोडता बोलू दिलं. रविवारी रात्री सगळे झोपल्यावर आपण यंत्राची करवत घेऊन गेलो, असं तो म्हणाला. फळी जाळून टाकली. कारण विचारल्यावर म्हणाला, म्हातारपणी डोकं फिरतं.

"काप हातकरवतीचा आहे, लायल," डेलिया शांतपणे म्हणाली. "ती फळी तुम्ही कापली नाहीत. पण तुम्ही ती पाहिलीत, नाहीतर दुसऱ्याचं अंगावर घेतलं नसतंत. कुठे पाहिलीत?"

लायलने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. तो म्हणाला की सकाळी बिअरचं पिंप काढायला तो शीतखोलीत गेला होता. टांगलेल्या मेंढ्यांच्या मागे पिठाच्या पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"वाचलंत?"

त्याने दाराकडे पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात मर्ल उभी होती. पाणी अजून तिच्या हातांवरून निथळत होतं.

"त्याला सोड, डेलिया," ती म्हणाली. "त्याला खोटं कधी नीट बोलताच आलं नाही. मी इतकी वर्षं ऐकत्येय ना."

ती शीतखोलीत गेली आणि फळी घेऊन आली. टेबलावर ठेवली. वरची साल तिने सुरीने काळजीपूर्वक सोडवली होती. आत, काळपट पडलेल्या लाकडात, खिशातल्या चाकूने कोरलेली वेडीवाकडी अक्षरं होती. नेव्हिल. शनिवार. कोणी नाही. क्रीकने खाली जातो.

डेलियाने दोनदा वाचलं. लायल रविवारपर्यंत झाडाखाली असता, तर शनिवारी आलेल्या नेव्हिलला तिथे 'कोणी नाही' असं कोरावं लागलं नसतं. आणि सगळे शोधणारे उत्तरेला गेले होते, कारण लायलने सांगितलं होतं की नेव्हिल झाडापर्यंत पोचलाच नाही.

"तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?" तिने मर्लला विचारलं.

मर्ल बसली. लग्नानंतर काही वर्षांनी, पाहुणे यायला लागले तेव्हा ती झाडाभोवतीचं गवत काढत होती. अक्षरं तेव्हा अर्धी बुजली होती. तिने बोटांनी चाचपून वाचली. त्या दिवशी तिने घरी येऊन स्वयंपाक केला, लायलला वाढलं, आणि काही म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुढे दर हिवाळ्यात ती एकटी झाडाकडे जायची, हात फिरवायची, आणि दर वेळी एखादं अक्षर कमी लागायचं. मग एका वर्षी काहीच लागलं नाही.

"का नाही बोललात?"

"कोणाला बोलू? आई गेली. नेव्हिल गेला." मर्ल टेबलाकडे बघत होती. "बोलले असते तर हाही गेला असता. मग समोर जेवायला बसलं कोण असतं? इथे, या ओसाडीत? आणि ती डॉक्टरीण तो व्रण सगळ्यांसमोर उघडणार होती. फोटो काढले असते, काचेत ठेवलं असतं. म्हटलं, भाऊ माझा, त्याचं शेवटचं बोलणं माझं. आधी मी वाचीन."

लायल रडत नव्हता. रडणाऱ्या माणसाकडे बघता येतं. त्याच्याकडे बघवत नव्हतं.

"पाणी होतं," तो म्हणाला. "खायला होतं. मी घाबरलो नव्हतो, मर्ल. मला तिथे एकट्याला राहवेना, एवढंच. दिवसभर कोणाचा आवाज नाही. आपलाच आवाज ऐकून दचकायला व्हायचं. शुक्रवारी म्हटलं, जरा वस्तीवर जाऊन येऊ, माणसात बसू, सकाळी परत फिरू. जीप वाळूत रुतली. परत आलो तर रविवार संध्याकाळ. तो अजून यायचा असेल असं वाटलं. मी वाळवंटाकडेच बघत बसलो. झाडाकडे पाहिलंच नाही."

"आणि मला सांगितलंस, थांबलो होतो."

"तुला पहिल्यांदा बघितलं तेव्हाच सांगितलं. मग ते परत कसं घेऊ?"

मर्लने मान हलवली. रागाची होती की समजल्याची, ते डेलियाला कळलं नाही. पण तिला एवढं कळलं की या घरात इतकी वर्षं दोघं एकाच टेबलावर जेवत होते, तीच गोष्ट पोटात घेऊन, आणि दोघांनाही वाटत होतं की आपण एकटेच आहोत.

५

डेलियाने दोन कामं केली. पहिलं, मर्लवर गुन्हा नोंदवला. मर्लचाच आग्रह होता. म्हणाली, माझ्यासाठी कायदा वाकवलास तर तुझ्याकडे बघून मला जेवण गोड लागणार नाही. पुढे तिला दंड झाला. लायलने जे केलं त्याला कायद्यात कलम नव्हतं. इंग्रिडने फळी हातात घेतली, वाचली आणि अलगद खाली ठेवली. पुढचे चार दिवस लायल दौऱ्यावर गेला नाही. पाहुणे आपले आपण झाडापाशी गेले, 'बी'चे फोटो काढून निघून गेले. क्विल्टरने जाताना मर्लच्या हातात हात दिला आणि तिच्या हातचं जेवण आवडलं एवढंच म्हणाला. त्याची कॅरव्हान धूळ उडवत एकटीच पूर्वेला गेली.

दुसरं काम: तिने नेव्हिल स्टॉकचा शोध पुन्हा सुरू केला, या वेळी योग्य दिशेने.

तिथल्या मूळ रहिवाशांपैकी, यांद्रुवांधा समाजाचा ऑगस्टीन केबू तिच्याबरोबर आला. क्रीकच्या खालच्या अंगाची राखण तो करायचा. तो कमी बोलायचा. डेलियाने फळीवरची अक्षरं दाखवल्यावर म्हणाला, थकलेला माणूस पात्रातून चालत नाही, वाळू जड असते. तो काठाकाठाने सावलीत चालतो. त्यांनी काठाकाठाने शोधलं. दिवस गेले. शेवटी एका जुन्या पुराने फाटलेल्या काठावर, काटक्यांसारख्या झुडपांच्या जाळीत, ऑगस्टीन वाकला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली.

तिथून पुढे वळणापलीकडे डोह होता. उन्हाळ्यातही न आटणारा. पेलिकन त्यात शांत पोहत होते.

हाडं हलवण्याआधी मर्लला आणायला डेलिया स्वतः गेली. लायल गाडीपाशी उभा होता. 'मीही येतो' म्हणायचं धाडस त्याला होत नव्हतं, मागे राहवतही नव्हतं. मर्लने पुढचं दार उघडून दिलं आणि स्वतः मागे बसली.

त्या जागी पोचल्यावर मर्लने हाडांकडे पाहिलं, मग डोहाकडे, मग पुन्हा हाडांकडे. केवढंसं अंतर, तिने मनाशीच म्हटल्यासारखं म्हटलं. ऑगस्टीन त्याच्या भाषेत हळू काहीतरी म्हणत होता. डेलिया बाजूला झाली.

"याच्या अंगावर घालायला काही आणलं नाही मी," मर्ल म्हणाली. "घरी आईची चादर आहे. घेऊन येते." ती वळली आणि पहिल्यांदाच सरळ नवऱ्याकडे बघून बोलली. "याला एकटं नको ठेवायला. मी येईपर्यंत तू थांब."

लायलने हातातली काठी बाजूला ठेवली आणि जाळीशेजारी वाळूत बसला.

मर्लला यायला वेळ लागला. रस्ता खराब, आणि घरी ती बहुधा त्या चादरीवर जरा बसलीही असेल. डेलियाने गाडी चालवली, पण तिला घाई करायला सांगितलं नाही. परत आल्या तेव्हा सावली सरकून ऊन लायलच्या अंगावर आलं होतं, चेहऱ्यावर माशा बसल्या होत्या. ऑगस्टीन म्हणाला, मी दोनदा म्हटलं सावलीत ये म्हणून, पाणीही पुढे केलं.

लायलने मान वर करून मर्लकडे पाहिलं. तो जागचा हलला नव्हता.